फुकटचा खेळ आणि मराठी वाणी

क्रिकेटचा सामना पाहण्यासाठीं दरमहा वर्गणी भरावी कीं न भरावी, हा प्रश्न वाङ्मयविषयक मासिकाचा नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु जी वाणी रोज सायंकाळीं घरोघर शिरते, तिची परीक्षा टीकाकारानें करूं नये तर कोणी करावी? आणि ती कोणाच्या दारांतून परत फिरते, हें जर वर्गणीच ठरवीत असेल, तर वर्गणीचाहि विचार टीकेंत आलाच पाहिजे.

नागपूर जिल्ह्यांतील भिवापूर घ्या. मिरचीमुळें या गांवाचें नांव दूरवर गेलें आहे. असल्या गांवीं ज्यानें केबल तोडली किंवा कधीं घेतलीच नाहीं, त्याला आज खेळ पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, छपरावरची दूरदर्शनची फ्री डिश. ती तबकडी एकदां विकत घेतली कीं दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं. दुसरा, हातांतील मोबाईल.

पहिल्या मार्गास कायद्याचा आधार आहे. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. पुढें २००७ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचें चित्रण हक्कदार कंपनीनें प्रसार भारतीस देणें बंधनकारक झालें. कंपनीचें नुकसान होऊं नये म्हणून जाहिरातींच्या उत्पन्नांत तिचा वांटा निदान शेंकडा ७५ ठेवला आहे. हें चित्रण दूरदर्शननें आपल्या मनोऱ्यांवरून व तबकडीवरूनच दाखवावें, केबलवाल्यांस देऊं नये, असें न्यायालयानें २०१७ सालीं स्पष्ट केलें. म्हणजे केबल न घेणाऱ्या प्रेक्षकाचा कैवार कायद्यानें मनापासून घेतला आहे. तथापि भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय सामने त्याच्या कक्षेंत येतात, आयपीएल येत नाहीं. आणि मोबाईलचा मार्ग तर त्यांत धरलेलाच नाहीं.

आतां वाणीकडे वळूं. तबकडीच्या वाटेनें जें समालोचन येतें तें बहुधा हिंदी असतें. मराठी आली ती मोबाईलच्या वाटेनें. २०२३ सालीं जिओसिनेमानें आयपीएल विनामूल्य दाखविली, तेव्हां समालोचनाच्या बारा भाषांत मराठीहि होती. चार जण पारावर बसून आपल्या भाषेंत सामना ऐकत आहेत, हें दृश्य कोणास आवडणार नाहीं? पण २०२५ मध्यें जिओहॉटस्टार अवतरलें, आणि थोडा वेळ फुकट दाखवून पुढें वर्गणी मागूं लागलें. मराठी आहे, पण ती उंबऱ्यापलीकडे उभी आहे.

आणि ती जी आहे, ती कशी आहे? आमच्या मतें तिच्यांत उत्साह भरपूर आहे, वर्णन थोडें आहे. चौकार गेला कीं आरोळी. गडी बाद झाला कीं दुप्पट आरोळी. चेंडू कोठें पडला, क्षेत्ररक्षक कोठून कोठें हलला, फलंदाजाचा पाय कां अडकला, हें चित्रांत दिसतेंच, मग बोलावें कशाला, अशी समालोचकांची समजूत दिसते. बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठींत धावतें वर्णन करीत, तेव्हां श्रोत्याजवळ चित्र नव्हतें. तें शब्दांनीं उभें करावें लागे. या गरजेनेंच ती भाषा नेमकी झाली.

हल्लीं चित्र आहे, मग ती नेमकी भाषा कशास हवी, असें कोणी विचारील. त्यानें मोबाईलवरचा सामना खेड्यांत बसून पाहावा. चित्र मध्येंच गोठतें. शेजारच्या घरीं तबकडी असेल, तर तेथला जल्लोष आधीं ऐकूं येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो! मिरची तोडणाऱ्याचे तर हात गुंतलेले; फोन खिशांत, कान तेवढे मोकळे. वर्गणी न भरणारा प्रेक्षक हा असा निम्मा श्रोताच असतो. ज्याला चित्र अपुरें मिळतें, त्याला शब्द पुरे मिळाले पाहिजेत.

याचें उत्तम प्रत्यंतर नागपूरच्याच एका मुलीनें दिलें. २८ जुलै २०२५ रोजीं दिव्या देशमुखनें जॉर्जियांतील बातुमी येथें कोनेरू हंपीस हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टर झाली. हा सामना इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य पाहतां आला. बुद्धिबळांत डोळ्यांस दिसतें तें फार थोडें. तेथें समालोचकाचा शब्द हाच खेळाचा प्रकाश. तो प्रकाश इंग्रजींत होता. घरची मुलगी जिंकत असतां ती कशी जिंकते आहे, हें समजून घ्यावयास तिच्याच जिल्ह्यांतील पुष्कळांस परकी भाषा आड आली.

फुकट दाखविणें हा उपकार नव्हे. लहरी जर सर्वांच्या, तर हा हक्कच होय. पण अर्थ न कळतां पाहणें म्हणजे अर्धा हक्क. तबकडीवरून मराठी समालोचन नियमानें यावें, आणि मोबाईलवरच्या समालोचकांनीं डोळे मिटून ऐकणारा एक श्रोता समोर धरून बोलावें. त्याला सामना दिसला, तर आमची टीका आम्ही आनंदानें परत घेऊं.