छायाचित्राची चौकट आणि लेण्याची ओळख

महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी श्रद्धावान कुलपुत्रासाठी चार स्थाने सांगितली आहेत. त्या स्थानांना तेथे दोन विशेषणे लावलेली आढळतात : 'दस्सनीय' आणि 'संवेजनीय'. पहिल्याचा अर्थ सरळ आहे. जे आवर्जून पाहावे ते दस्सनीय. दुसऱ्या पदाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'संवेग' म्हणजे अंतःकरण हलणे, अनित्यतेच्या जाणिवेने सावध होणे, आणि त्या सावधपणातून काही करण्यास प्रवृत्त होणे. ही दोन पदे सुत्तात जोडीने आली आहेत. प्रवासात जुन्या वास्तूंची आणि परंपरांची छायाचित्रे घेण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिचे परीक्षण करण्यास ही जोडी पुरेशी आहे असे आम्हांस वाटते.

लेणी-दर्शनाच्या सहली, धम्मलिपीचे वर्ग, लेण्यांच्या स्वच्छतेसाठी रविवारी निघणारे तरुणांचे गट, ही गेल्या काही वर्षांतील अत्यंत स्वागतार्ह घटना आहे. या प्रत्येक तरुणाच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल असतो. एका दिवसात एका लेण्याची जेवढी छायाचित्रे आता घेतली जातात, तेवढी पूर्वी अनेक वर्षांत घेतली जात नसतील. या विपुलतेतून आपल्या ज्ञानात किती भर पडली, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तो आम्ही येथे विचारू इच्छितो, आणि त्यासाठी मुख्यतः एकच जिल्हा डोळ्यांपुढे ठेवतो : २०२४ साली ज्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले तो अहमदनगर जिल्हा.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की डोंगरावर एक तिमजली अष्टकोनी वास्तू दिसते. तिची हजारो छायाचित्रे 'चांदबिबीचा महाल' या नावाने प्रसिद्ध आहेत. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाला आमची हरकत नाही. परंतु ज्याने आत जाऊन थडगे पाहिले, त्याचे छायाचित्र घेतले, त्यानेही खाली 'महाल' असेच लिहावे, यावरून एक गोष्ट दिसते. छायाचित्र घेणारा पुष्कळदा पाहतच नाही. जे नाव घेऊन तो निघालेला असतो, तेच नाव घेऊन परत येतो.

अशा चुकीने कोणाचे फारसे बिघडत नाही. जेथे बिघडते तेथे आता वळू.

पारनेर तालुक्यात नगर-कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वर हे गाव आहे. तेथील डोंगरातील लेणे साधारणतः सहाव्या शतकातील मानले जाते. मध्ये गर्भगृह, त्यात शिवलिंग, गर्भगृहाभोवती कातळातच खोदलेला प्रदक्षिणामार्ग, आणि भिंतीवर सप्तमातृकांचा शिल्पपट. या रचनेविषयी अभ्यासकांत संदेह नाही. हे शैव लेणे आहे. तथापि याच लेण्याची 'मूळचा बौद्ध विहार' अशा मथळ्याची छायाचित्रे आमच्याच बांधवांकडून आमच्याकडे आलेली आहेत. ती कशी तयार होतात हे पाहण्यासारखे आहे. शैव लेण्यातील द्वारपालाची मूर्ती केवळ छातीपासून वर टिपली, हातातील आयुध आणि पायाजवळचा सेवक चौकटीबाहेर ठेवला, की उंच मुकुट, मिटल्यासारखे डोळे आणि शांत चेहरा एवढेच उरते. पद्मपाणीची आठवण असलेल्या नजरेला तेथे बोधिसत्त्व दिसू लागतो. कातळ कोणी बदललेला नसतो. बदललेली असते ती फक्त चौकट.

असे करणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. ज्यांच्या पूर्वजांची लेणी शतकानुशतके 'पांडवलेणी' म्हणून ओळखली गेली, त्यांना प्रत्येक लेण्यावर आपला हक्क सांगावासा वाटणे समजण्यासारखे आहे. पण समजण्यासारखे असणे वेगळे आणि मान्य करण्यासारखे असणे वेगळे. ढोकेश्वर बौद्ध म्हणून सांगितले आणि उद्या कोणी सप्तमातृकांचा पट पुढे ठेवला, तर जेथे आपला दावा निर्विवाद आहे तेथेही आपल्या शब्दावर विश्वास राहणार नाही. कालामांना तथागतांनी जी कसोटी दिली ती परक्यांच्या परंपरेपुरती दिलेली नव्हती.

आपला दावा निर्विवाद असलेले स्थळ त्याच रस्त्यावर पुढे आहे. ढोकेश्वरावरून आळेफाट्यापर्यंत आले की नगर जिल्हा मागे पडतो आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा परिसर सुरू होतो. तेथील लेण्याद्रीच्या डोंगरावर सातव्या क्रमांकाचे लेणे हा भिक्खूंच्या वीस खोल्यांचा विहार आहे. आज तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान असून पूजाअर्चा अखंड चालते. यात्रेकरूंची छायाचित्रे पाहावीत तर त्यांत शेंदूर, घंटा आणि गर्दी असते. भिंतीतील खोल्यांची दारे असलीच तर अंधारात काळी पडलेली असतात. आमच्या तरुणांची छायाचित्रे पाहावीत तर त्यांत फक्त त्या खोल्या असतात, आणि गणपती कटाक्षाने वगळलेला असतो. दोन्ही छायाचित्रे एकाच सभागृहाची आहेत हे अनोळखी माणसाला सांगूनही पटणार नाही. आमच्या मते दोन्ही सदोष आहेत. सातवाहनकालीन विहारात पुढे गणपतीची स्थापना झाली, हा या वास्तूचा इतिहास आहे. तो एकाच चौकटीत यावयास हवा. विहाराच्या खोल्या आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभी असलेली आजची गर्दी असे एकत्र चित्र कोणी घेतले, तर त्याखाली वादाचे एक वाक्यही लिहावे लागणार नाही.

शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने ते दान दिल्याचा ब्राह्मी लेख तेथे कोरलेला आहे. आजचा प्रवासी ज्या रस्त्याने नगरहून कल्याणकडे जातो, त्याच दिशेच्या एका बंदरातील माणसाने येथे चैत्यगृह खोदविले, ही गोष्ट किती जणांच्या छायाचित्रात येते? या परिसरातील लेखांत यवन दाते आहेत, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे. आणि त्यांच्या दानांत वारंवार येणारा एक साधा शब्द आहे, 'पोढि', म्हणजे पाण्याचे टाके. यवन इरिलाने दोन टाकी दिली. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांच्या लेण्याबरोबर टाकेही दिले. दात्यांच्या दृष्टीने टाके हे स्तंभांइतकेच मोलाचे 'देयधम' होते. छायाचित्रांत मात्र स्तंभ येतात, कमानी येतात, सूर्यास्त येतात. टाके येत नाही. फार तर त्याच्या कडेवर बसून काढलेले स्वतःचे चित्र येते.

पाण्याच्या टाक्याकडे आपण तरी इतक्या सहज दुर्लक्ष करू नये. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने सहकाऱ्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटले म्हणून तेथे जो प्रसंग ओढवला तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, शस्त्रधारी पहाऱ्यात. जुन्या वास्तू पाहण्यासाठी केलेला प्रवास हा आपल्यापैकी कोणासाठीच निव्वळ मौजेचा विषय कधी नव्हता. दौलताबादच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र घेणारा बौद्ध तरुण ही हकीकत ठाऊक असून हौदाकडे पाठ करून उभा राहतो, तेव्हा तो 'दस्सनीय' घेतो आणि 'संवेजनीय' सोडून देतो.

येथे कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. तथागत चारिकेला गेले असता फुले घेऊन आलेल्या लोकांना वंदनेसाठी काहीच सापडत नाही, म्हणून आनंद चैत्याविषयी पृच्छा करतात. तेथे चैत्याचे तीन प्रकार येतात : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. त्यांपैकी उद्देशिक हे वस्तूचा आधार नसलेले, केवळ मनावर अवलंबून असलेले, असे म्हटले आहे. छायाचित्राची जागा या तिसऱ्या वर्गात आहे असे आम्ही समजतो. त्याला स्वतःचा आधार नसतो. तो आधार त्याखालची नोंद देते : स्थळ, लेण्याचा क्रमांक, दिशा, दिनांक, आणि घेणाऱ्याचे नाव.

नोंद हरवली म्हणजे काय होते याचे उदाहरण पुन्हा नगर जिल्ह्यातच आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. त्यांची चित्रे आज असंख्य पुस्तकांत आहेत, काळ्या पार्श्वभूमीवर, अंतराळात तरंगत असल्यासारखी. त्या उत्तर-हडप्पा काळातील मानल्या जातात; परंतु शास्त्रशुद्ध उत्खननात थरासह न सापडल्यामुळे त्यांच्या काळाविषयी मतभेद झाले आणि ते पुरते मिटलेले नाहीत. आणि ज्या भिल्ल माणसाच्या कुदळीने त्या वर आल्या, त्याचे नाव चित्राखाली क्वचितच छापले जाते.

वास्तूंचे येथवर झाले. परंपरांची छायाचित्रे हा याहून नाजूक विषय आहे.

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत भरते. तेथील गाढवांचा बाजार आणि दूरदूरहून येणाऱ्या भटक्या जमाती यांमुळे छायाचित्रकारांना ती विशेष प्रिय आहे. पागोटी, उधळलेला रंग, सुरकुतलेले चेहरे, सारे काही तेथे आयते मिळते. याच यात्रेत जातपंचायतीही बसत आल्या. तेथे दंड ठरत, बहिष्कार पुकारले जात, आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलींचा निवाडा होई. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो अशाच व्यवहारांमुळे. रंगीत चित्रात वर्तुळ करून बसलेली माणसे दिसतात. वर्तुळाबाहेर कोणाला उभे केले आहे ते दिसत नाही.

वसाहतकाळात १८६८ ते १८७५ या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड प्रसिद्ध झाले. माणसांची छायाचित्रे आणि त्यांखाली त्यांच्या जातीचे 'स्वभाववर्णन' अशी त्यांची धाटणी होती. चित्रातील व्यक्तीला पुष्कळदा नाव नाही; ती जातीचा नमुना आहे. दीडशे वर्षांनंतर 'पोतराज, ग्रामीण महाराष्ट्र' अशा मथळ्याने जे चित्र प्रदर्शनात लागते, त्याची धाटणी याहून निराळी आहे असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. काही छायाचित्रकार तर पैसे देऊन आसूड पुन्हा ओढावयास लावतात, कारण पहिल्या वेळी उजेड चांगला नव्हता. १९३६ च्या जून महिन्यात मुंबईत बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी यांना ती जिणी सोडण्याचे आवाहन केले होते. ज्यांनी ते ऐकले त्यांनी आपल्या हातांनी परडी आणि आसूड टाकले. त्यांच्याच नातवंडांसमोर आता तो आसूड 'लुप्त होत चाललेला सांस्कृतिक वारसा' म्हणून मांडला जातो. लुप्त झाला याचा खेद नेमका कोणाला आहे, हे छायाचित्रकाराने एकदा स्वतःला विचारावे. पोतराजाचे चित्र घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ते घ्यावे, त्याचे नाव लिहावे, आणि त्याचा मुलगा कोणत्या शाळेत जातो तेही लिहावे.

तरुण अभ्यासकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी नोंदवितो. कोरीव लेखाची अक्षरे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरण्याची खोड तत्काळ सोडावी. त्याने दगड खराब होतो, आणि भरणाऱ्याचे चुकीचे वाचन अक्षरावर कायमचे बसते. समोरून टाकलेल्या झोताने अक्षरे सपाट होतात. सकाळचा अथवा उतरत्या दुपारचा तिरपा उजेड, किंवा बाजूने धरलेली साधी विजेरी, एवढ्याने खाचा स्पष्ट होतात. रंगचित्रे असलेल्या लेण्यांत झोताचा वापर निषिद्ध आहे तो पाळावा. आधी संपूर्ण दर्शनी भाग, मग भिंत, मग लेख, असा क्रम ठेवावा आणि लेखाशेजारी मोजपट्टी ठेवावी. स्वतःचे चित्र काढावयाचेच असेल तर सर्वांत शेवटी काढावे.

आणि एक कॅमेरा लेण्यांकडून गावाकडे वळवावा. नगर जिल्ह्यातील कितीतरी गावांत जुना तक्क्या अजून उभा आहे. कोठे त्याचाच पुढे विहार झाला, कोठे त्यावर पत्रा पडला, कोठे नव्या समाजमंदिरासाठी तो या वर्षी पाडला जाईल. १९५६ नंतर घरातील देव्हारे ज्या विहिरीत वा नदीत सोडले, ती जागा दाखविणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. निराळा पाणवठा कोठे होता, गावाचा रस्ता कोठे संपून वस्तीचा कोठे सुरू होत असे, हे त्यांनाच ठाऊक आहे. तक्क्याच्या दाराशी एखादी आजी उभी असेल तर तिला चौकटीतून बाजूला होण्यास सांगू नये. तिचे नाव विचारून घ्यावे, परवानगी घ्यावी, आणि पाणवठा कोणत्या दिशेस होता हे तिला हाताने दाखवू द्यावे. छायाचित्र त्या वेळी घ्यावे.