लूककृत शुभवर्तमानातील 'द्वेष' शब्द

उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतून आज बायबल मराठीत वाचले जाते. १७३९ साली मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला तेव्हा तेथील उपासना लॅटिनमध्ये चाले. ती लोकभाषेत आली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). ग्रंथाबरोबर अर्थनिर्णयाचे ओझेही वाचकाकडे आले.

लूकच्या चौदाव्या अध्यायातील सव्विसावे वचन पाहावे. आईबाप, बायकामुले, भावंडे यांचा द्वेष केल्यावाचून शिष्यत्व नाही, असा त्याचा अक्षरार्थ. प्रचलित मराठी प्रतीत शब्दही 'द्वेष' हाच. रे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली ताटातूट ज्याने 'स्मृतिचित्रे'त वाचली, त्यास अशा घरात हे वचन कसे ऐकू येत असेल हे सांगणे नको.

आमच्या शास्त्रकारांनी तात्पर्यनिर्णयासाठी उपक्रम व उपसंहार पाहावयास सांगितले आहे. येथे उपक्रमी मोठा जमाव येशूमागून चालला आहे. वचनापुढे बुरुजाचा खर्च आधी मोजणारा गृहस्थ व लढाईपूर्वी सैन्य जोखणारा राजा, असे दोन दृष्टान्त येतात. प्रकरण किंमत जोखण्याचे आहे, वैराचे नव्हे.

शब्दाचा प्रयोगही पाहावा. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाची राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती असे म्हणून, लगेच पुढच्या वचनात लेआविषयी हिब्रूत द्वेषवाचक धातूच योजिला आहे. आमच्या कहाण्यांतील आवडती व नावडती राणी ती हीच! मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तर हाच उपदेश 'अधिक प्रीती'च्या भाषेत आहे. शिवाय मार्काच्या सातव्या अध्यायात, देवार्पणाची सबब सांगून आईबापांस अंतर देणाऱ्यांस येशू खडसावतो. द्वेष अक्षरशः घेणाऱ्याने ह्या विरोधाचा परिहार कसा करावा?

तथापि 'गुड न्यूज' ह्या इंग्रजी भाषांतराने मूळचा कठोर शब्द काढून 'अधिक प्रीती' घातली, तेही आम्हांस मान्य नाही. अवघड पाठ सोपा करून ठेवणारे लेखक पोथीसंग्राहकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांच्यामुळे किती पाठ बिघडले हे त्यांस ठाऊकच आहे. लूकने मत्तयाहून कठोर शब्द ठेविला, तो तसाच छापावा. समासात लेआचे स्थळ नोंदवून 'नावडता' हा अर्थ द्यावा.