‘कुतरओढी’च्या सूत्रापलीकडे : ‘द नेमसेक’ आणि ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ या कादंबऱ्यांतील ओळखीचा प्रश्न

प्रस्तावना

स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीविषयीच्या साहित्याची चर्चा आपल्याकडील महाविद्यालयीन अभ्यासात सर्वसाधारणपणे एकाच सूत्राभोवती फिरताना दिसते. ‘दोन संस्कृतींमधील कुतरओढ’, ‘ना इकडचा ना तिकडचा’, ‘मुळांपासून तुटलेपण’ हे शब्दप्रयोग चर्चासत्रांतील निबंधांत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या सहजतेने येतात की, त्यांची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. या सूत्रात एक गृहीतक दडलेले आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या मनात एक गोंधळ असतो, तो गोंधळ हाच साहित्याचा विषय असतो आणि त्याचे कारण त्या मुलाच्या अंतरंगात शोधावयाचे असते, असे ते गृहीतक होय.

हनीफ कुरेशी यांची ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ (1990) आणि झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (2003) या दोन कादंबऱ्यांच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. एक कादंबरी लंडनच्या उपनगरातील आहे, तर दुसरी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील. एकीचा सूर उपहासाचा आणि बेधडक, तर दुसरीचा संथ आणि संयत. तरीही दोहोंतील नायकांचा गोंधळ बराचसा बाहेरून, म्हणजे दप्तर, शाळा, रंगमंच आणि रस्ता येथून, त्यांच्यावर लादला जातो, असे बारकाईने वाचता आढळून येते.

नाव आणि नोंद

‘द नेमसेक’मधील मध्यवर्ती पेच नावाचा आहे. 1968 साली केंब्रिज येथील रुग्णालयात अशोक आणि आशिमा गांगुली यांना मुलगा होतो. बंगाली रीतीप्रमाणे त्याला घरातले ‘डाकनाम’ आणि चारचौघांतले ‘भालोनाम’ अशी दोन नावे मिळावयाची आहेत. भालोनाम आशिमाच्या आजीने ठरवावयाचे असून तिचे पत्र कलकत्त्याहून येणार आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. पाळण्यातले नाव वेगळे, हाक मारण्याचे नाव वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे तिसरेच, हा अनुभव आपल्याकडील कित्येक घरांतील आहे. मूल काही वर्षे केवळ ‘बाळ’ म्हणून वावरले तरी घराचे त्यावाचून काही अडत नाही.

परंतु रुग्णालयाचे अडते. जन्मदाखल्यावर नाव लिहिल्याशिवाय मुलाला घरी सोडता येत नाही, असे तेथील कर्मचारी सांगतो. आजीचे पत्र आलेले नाही. पुढेही ते कधीच येत नाही. मग वडिलांनी आपल्या आयुष्यातील एका अपघाताशी निगडित असलेले रशियन लेखकाचे नाव तात्पुरते म्हणून लिहिले आणि ते कायमचे झाले. पुढे शाळेत ‘निखिल’ हे भालोनाम घालण्याचा प्रयत्न पालक करतात, तेव्हा मुख्याध्यापिका जन्मदाखला पाहते, पाच वर्षांच्या मुलाला त्याची पसंती विचारते आणि ‘गोगोल’च कायम करते. येथे बंगाली संस्कृती आणि अमेरिकन संस्कृती समोरासमोर उभ्या ठाकून भांडत नाहीत. वाट पाहू शकणारी कौटुंबिक रीत आणि वाट न पाहणारा सरकारी कागद यांची गाठ पडते. मुख्याध्यापिका वाईट नाही. किंबहुना ती सौजन्यशील आहे. मुलाच्या पसंतीला मान देताना आपण एका घराची रीत मोडीत काढीत आहोत, हे तिला उमजतही नाही.

कुरेशींच्या कादंबरीतही नावाची हीच कथा निराळ्या रीतीने येते. मुंबईत वाढलेला आणि 1950च्या सुमारास इंग्लंडात आलेला हारून आपल्या इंग्रज पत्नीच्या नातेवाइकांत ‘हॅरी’ होतो, कारण माणूस भारतीय असणे पुरेसे अडचणीचे असताना नावाचीही अडचण त्यांना नको असते. त्याचा धाकटा मुलगा अमर वांशिक त्रास टाळण्यासाठी ‘अ‍ॅली’ म्हणवून घेतो. नाव बदलणाऱ्याला आपण कोण आहोत याविषयी शंका असतेच असे नाही. ऐकणाऱ्याच्या कपाळावर कोणती आठी पडणार आहे, याचा अंदाज त्याला आलेला असतो.

‘अस्सल’पणाची मागणी

कुरेशींचा नायक करीम आपली ओळख करून देताना जन्माने आणि वाढीने आपण इंग्रज असल्याचे सांगतो, पण त्याला ‘जवळजवळ’ अशा अर्थाची पुस्ती जोडतो. ही पुस्ती कोणाची, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. करीमची भाषा, आवडीनिवडी, संगीत, विनोद हे सारे दक्षिण लंडनचे आहे. भारत त्याने पाहिलेला नाही. असे असताना शॅडवेल हा दिग्दर्शक त्याला किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील मोगलीची भूमिका देतो, अंगाला तपकिरी रंग फासावयास लावतो आणि ‘अस्सल’ भारतीय उच्चार काढण्याचा आग्रह धरतो. करीमला वडिलांची भाषा येत नाही, याचीही तो थट्टा करतो. म्हणजे इंग्रज समाजाला करीमकडून भारतीयपण हवे आहे. मात्र ते त्या समाजाने स्वतः कल्पिलेले असले पाहिजे. करीम प्रयोगात मध्येच लंडनच्या रांगड्या बोलीवर घसरतो आणि प्रेक्षकांना हसवतो. त्या हशात त्याची छोटीशी सूडबुद्धी आहे.

या मागणीचा दुसरा पैलू हारूनच्या रूपाने येतो. जन्माने मुसलमान असलेला, सरकारी कचेरीत कारकुनी करणारा हा गृहस्थ उपनगरातील गोऱ्या श्रोत्यांसाठी पौर्वात्य गुरू बनतो. आयुष्यभर घालवू पाहिलेले भारतीय उच्चार तो आता मुद्दाम ठळक करतो. बापलेक दोघेही एकाच बाजारात एकच माल विकत आहेत. परंतु लेखकाने त्यांना केवळ बळी म्हणून रंगविलेले नाही. दोघांनाही या नाटकातून काही लाभते : बापाला प्रतिष्ठा आणि प्रेम, मुलाला व्यवसाय. मागणीत सहभागी होण्याची ही नैतिक गुंतागुंत ‘कुतरओढ’ या शब्दात मावत नाही.

कायदा, वंश आणि आपलेपणा

येथे चार कल्पना वेगळ्या करणे आवश्यक ठरते : नागरिकत्व, राष्ट्रीय ओळख, वंश आणि आपलेपणा. समीक्षेत त्यांची बहुधा सरमिसळ होते. करीम आणि गोगोल दोघेही कायद्याने त्या त्या देशाचे निर्विवाद नागरिक आहेत. अमेरिकेत 1868च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मसिद्ध नागरिकत्व दिले. चिनी पालकांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1898 साली ते मान्य केले. गांगुली कुटुंबासारख्या सुशिक्षित आशियाई कुटुंबांचे अमेरिकेत येणे 1965च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर वाढले. ब्रिटनची वाटचाल उलट दिशेची होती. 1948च्या कायद्याने वसाहतींतील प्रजेला खुला केलेला दरवाजा 1962, 1968 आणि 1971च्या कायद्यांनी क्रमाक्रमाने लोटला गेला. 1971च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आईवडिलांशी वा आजीआजोबांशी असलेल्या नात्याला निवासाच्या हक्कासाठी महत्त्व दिले. पुढे 1981च्या कायद्यान्वये, 1 जानेवारी 1983पासून, केवळ ब्रिटनमध्ये जन्म झाला म्हणून आपोआप नागरिकत्व मिळणे बंद झाले. गोगोल ज्या वर्षी जन्मला त्याच 1968च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले होते. करीमला दारातून हाकलणारा त्याच्या मैत्रिणीचा बाप याच पॉवेलचा हवाला देतो.

कागदोपत्री हक्क असूनही ‘जवळजवळ’ उरतेच, हे दोन्ही कादंबऱ्या दाखवितात. गांगुलींच्या टपालपेटीवरील आडनावाची अक्षरे कोणी खोडकरपणे विद्रूप करते. वडील ती पोरांची गंमत मानून सोडून देतात. मुलाला मात्र ती बोचते, कारण तो देश वडिलांनी पत्करलेला आहे, तर मुलाचा तो जन्माचा आहे. कुरेशींच्या कादंबरीत प्रकरण गमतीवर थांबत नाही. नॅशनल फ्रंटचे गुंड चंगेझवर हल्ला करतात, तेव्हा ते त्याला पाकिस्तानी म्हणून शिव्या देतात. तो भारतीय आहे याच्याशी त्यांना काहीच कर्तव्य नसते. भारत आणि पाकिस्तान यांतील जो भेद आपल्याला जीवनमरणाचा वाटतो, तो त्या रस्त्यावर क्षणात पुसला जातो. वंशवाद राष्ट्रीयत्व विचारीत नाही. तो त्वचा पाहतो.

‘द नेमसेक’ची एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. गांगुली कुटुंब प्राध्यापकाचे, सुस्थित आणि निवडून घेतलेल्या स्थलांतराचे आहे. त्यामुळे परकेपणाची हिंसक बाजू या कादंबरीच्या परिघाबाहेर राहते. उलट कुरेशींच्या कादंबरीत वर्ग आणि वंश यांचे नाते सतत जाणवते. मात्र तेथील सर्वांत स्पष्ट राजकीय भान असलेली जमिला आपल्याला करीमच्या नजरेतूनच दिसते. बापाच्या उपोषणाच्या दडपणाखाली चंगेझशी लग्न करूनही स्वतःचे आयुष्य स्वतः आखणाऱ्या या स्त्रीला स्वतंत्र निवेदन मिळाले असते, तर प्रश्न अधिक धारदार झाला असता.

मृत्यू आणि वारसा

सारे काही बाहेरून लादलेले असते, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. दोन्ही कादंबऱ्यांत मृत्यूचा प्रसंग निर्णायक आहे. अन्वरच्या दफनविधीच्या वेळी करीमला जमलेले भारतीय लोक प्रथमच आपली माणसे वाटतात. आजवर आपण त्यांना नाकारीत आलो याची त्याला लाज वाटते. परंतु भारतीय भूतकाळ आपल्याला आयता मिळणार नाही, तो हवा असेल तर स्वतः घडवावा लागेल, हेही त्याला कळते. अशोकच्या आकस्मिक निधनानंतर गोगोल कुटुंबासमवेत सुतकाचे साधे जेवण जेवतो. लहानपणी निरर्थक वाटलेले ते नियम आता त्याला अर्थपूर्ण भासतात. कादंबरीच्या अखेरीस वडिलांनी चौदाव्या वाढदिवसाला दिलेले आणि आजवर न उघडलेले पुस्तक तो वाचावयास घेतो.

या प्रसंगांत भारत नावाचे राष्ट्र नाही. एक मेलेला दुकानदार आहे, एक वडील आहेत. वारसा येथे राष्ट्राकडून येत नाही. ठरावीक माणसांच्या ऋणातून येतो आणि त्याची खूण पटते तीही उशिरा, बहुधा माणूस गेल्यावर. गोगोलच्या नावाचे मूळही बंगालात नाही, रशियात आहे. तरी ते वडिलांच्या जीविताशी बांधलेले असल्यामुळे त्याचे स्वतःचे ठरते. ‘मुळे’ या रूपकाची मर्यादा येथे उघड होते. झाडाला मूळ निवडता येत नाही. माणसाला निदान ते वाचता येते.

समीक्षकाची जबाबदारी

‘द नेमसेक’मधील एका प्रसंगाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. महाविद्यालयीन काळात गोगोल एका परिसंवादाला नाइलाजाने बसतो. तेथे एक समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत जन्मलेल्या ‘गोंधळलेल्या देशी’ मुलांविषयी बोलतो. ही संज्ञा आपल्यालाच लागू आहे, हे गोगोलला हळूहळू उमगते. भारताला तो मनातल्या मनात कधी ‘देश’ म्हणत नाही; इतर अमेरिकनांप्रमाणे ‘इंडिया’च म्हणतो. म्हणजे ‘कुतरओढी’चे सूत्र मांडणारा अभ्यासक लेखिकेने कादंबरीतच बसविला आहे आणि त्याच्यासमोर कंटाळलेला नायकही. आपल्याकडील निबंध त्या समाजशास्त्रज्ञाचे म्हणणे लाहिरींचे मत म्हणून उद्धृत करतात, तेव्हा कादंबरीतील उपरोध हरवतो.

हा केवळ वाचनातील दोष नाही. ‘गोंधळ’ मुलाच्या ठायी आहे असे एकदा ठरले की, नोंदवही, शाळा, कायदा आणि रस्ता हे सारे जबाबदारीतून सुटतात. शिवाय त्यात आपला एक छुपा दावा असतो : ही मुले मूळची ‘आपली’ आहेत आणि वाट चुकली आहेत. भारतीय शासनाची 2005पासूनची ओसीआय योजनाही वंशाच्या आधारे नाते जोडते. पण ती मतदानाचा हक्क देत नाही आणि ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक होते त्यांना वगळते. ‘मूळ’ कोणाचे मोजावयाचे, हे येथेही कागदच ठरवितो.

समारोप

20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा आदेश काढला. आईचे वास्तव्य तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा कायम रहिवासी नसतील, तर त्यापुढे जन्मणाऱ्या अपत्याला आपोआप नागरिकत्व मिळू नये, असा त्याचा आशय होता. त्याला तत्काळ न्यायालयांत आव्हान दिले गेले. उच्च शिक्षणासाठी गेलेल्या दांपत्याच्या पोटी केंब्रिजच्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलाची कथा या पार्श्वभूमीवर वाचली असता, दाखल्यावर काय लिहावयाचे या साध्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

या कादंबऱ्या शिकविताना नायक कोणत्या संस्कृतीचा, असा प्रश्न विचारण्याऐवजी त्याला हा प्रश्न कोण, कोठे आणि कोणत्या अधिकाराने विचारीत आहे, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. महाराष्ट्रातील वर्गांत आज बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांची आते-मामेभावंडे परदेशांत जन्मलेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी सुट्टीत घरी आल्यावर अडखळत मराठी बोलले तर त्यावर हसणारे आपणच असतो. गोगोलच्या अमेरिकन उच्चारांवर कलकत्त्यातील नातेवाईकही असेच हसतात. ‘जवळजवळ’ ही पुस्ती केवळ इंग्रजांनी जोडलेली नाही, याची जाणीव ठेवूनच हे साहित्य वाचले गेले पाहिजे.