धुतलेले मीठ

‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसला नाही असा मराठी वाचक विरळाच. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. तेव्हापासून त्यातले नाना गोखले, म्हणजे लक्ष्मीबाईंचे वडील, कर्मठ सोवळ्याचा नमुना म्हणून हशा पिकवीत आले आहेत. बाहेरून आलेला जिन्नस धुवायचा. धान्य तर धुवायचेच, पण मीठही! वर्गात हा भाग वाचून दाखवताना मुले हसत, आणि त्यांच्याबरोबर मीही.

यंदा मात्र मला हसू आले नाही. फराळाचे ताट पुढे असताना हा विषय काढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी.

विट्याच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी होती. मधल्या सुटीत ती डबा उघडी, भाकरीचे एकसारखे तुकडे करी, भाजीचे तेल कडेला निथळू देई आणि घंटा होईपर्यंत त्याकडे पाहत बसे. “जेवलीस का गं?” विचारले की “हो, गुरुजी.” तिची टापटीप मी इतरांना दाखवीत असे! पुढे तिला सांगलीला डॉक्टरांकडे न्यावे लागले, तेव्हा मला उमगले. अन्नाकडे तिचे दुर्लक्ष नव्हते. तिचे लक्ष दुसरीकडे जातच नव्हते.

नानांचा आजार हा नव्हे. विटाळाचे भय निराळे, अंग वाढण्याचे भय निराळे. या दुसऱ्याला लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७४ साली छापलेल्या निबंधात ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. पण दोन्हीकडे भीती लक्षाला दावे बांधते, आणि खुंटा असतो स्वयंपाकघरात.

लक्ष्मीबाई असले निदान करीत नाहीत. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या आप्ताला झालेली फाशी आणि त्यानंतर नानांना जडलेले सोवळे, ही दोन्ही त्या शेजारीशेजारी ठेवतात आणि पुढे निघतात. एखाद्या कादंबरीकाराने मध्ये दोन पाने मनोविश्लेषण घातले असते. (मी घातले असते, हे कबूल.) त्यांची नजर राहते पाण्यावर, भिजलेल्या सामानावर, ते निस्तरणाऱ्या बायकांवर. एकाच्या भीतीपायी सारे घर राबू लागते, हे इतक्या कमी शब्दांत मराठीत क्वचितच आले असेल. उपाशी माणूस आपल्या साहित्यात पुष्कळ आहे, उपास करणाराही आहे. भरल्या घरात अन्नाला भिणारा मात्र शोधावा लागतो.

उणीव एकच वाटते. नानांच्या मनात काय चालले असेल, ते पुस्तक सांगत नाही. त्या घरात वाढलेल्या मुलीला हसणे हाच आधार असेल. तो सोडून लिहिणे त्यांना जमले नसते. पण आपणही हसूनच पान उलटावे, हे मला आता पटत नाही.

ती मुलगी बरी होऊन परत शाळेत येऊ लागली आहे. श्रावणात मी हाच भाग वाचला. मिठापाशी वर्ग नेहमीप्रमाणे हसला. तिने हात वर केला.

“गुरुजी, धुतल्यावर तरी त्यांना बरं वाटायचं का?”

“पुस्तकात तसं लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.