परक्याचा चेहरा

चित्रकथा म्हणजे केवळ बालकांची करमणूक, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज आहे. आमचाही तो बराच काळ होता. अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाच्या ‘द अव्हेंजर्स’ मालिकेचा मार्च १९७२ चा ९७ वा अंक वाचला आणि तो आम्हास सोडावा लागला.

अंक ८९ पासून चाललेल्या क्री-स्क्रल युद्धकथेचा हा समारोप. क्री आणि स्क्रल या परग्रहांवरील दोन बलाढ्य जमाती. त्यांच्या वैरात पृथ्वी सापडते. लेखन रॉय थॉमस यांचे, या अंकातील चित्रे जॉन ब्युसेमा यांची. युद्ध थांबते ते अद्भुत रीतीने. रिक जोन्स या तरुणातील सुप्त शक्ती जागी होते. बालपणी वाचलेल्या चित्रकथांतील वीर तो मनातून साकार करतो आणि लढणाऱ्या सैन्यांना जागच्या जागी खिळवितो. कल्पना रम्य आहे. परंतु हात गोठले म्हणून मने पालटली का, हा प्रश्न लेखक विचारीत नाही.

आम्हाला अंकाचे मर्म रणांगणाबाहेर सापडले. आपल्यांत परके लपले आहेत, अशी हाकाटी करीत क्रॅडॉक नावाचा अधिकारी चौकशीसत्र चालवीत असतो. १९५० च्या दशकात सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाचे जे काहूर माजविले, त्याची छाया येथे स्पष्ट दिसते. या अंकात उघड होते की, लोकांसमोर वावरणारा हा क्रॅडॉक स्वतःच वेषांतर केलेला स्क्रल आहे. खवळलेला जमाव त्याला ठार मारतो.

पेरले तेच उगवले, असे म्हणून वाचक सुखावतो. आम्हीही सुखावलो, आणि मग दचकलो. ज्या द्वेषाचा आपण निषेध करीत होतो, त्याच द्वेषाने केलेला न्याय आपणांस गोड का वाटावा? पिलातापुढे ओरडणाऱ्या गर्दीतही प्रत्येकजण स्वतःला न्यायीच समजत असेल. कथा मात्र हे प्रेत ओलांडून घाईने पुढे जाते. हा तिचा मोठा दोष होय.

तरीही उत्तर त्याच अंकात आहे. शक्ती खर्चून रिक मरणोन्मुख होतो, तेव्हा कॅप्टन मार्व्हल त्याच्याशी पुन्हा एकरूप होऊन त्याला वाचवितो. पूर्वी याच बंधनातून तो सुटला होता; मिळालेले स्वातंत्र्य तो परत करतो. आणि हा कॅप्टन मार्व्हल कोण? जन्माने क्री, म्हणजे परकाच. शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

२०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ चित्रपटात तर स्क्रल हे आसरा शोधणारे निर्वासित म्हणून दिसले. आपल्या घरांतील मुलांनी तो पाहिला आहे. कोण जिंकले, हे ती आपल्याला उत्साहाने सांगतात. पालकांनी त्यांना एवढेच विचारावे: जमावात तू असतास, तर काय केले असतेस? उत्तर मात्र आधी स्वतःशी तयार ठेवावे.