सुरांचा ऋणको

गवई आणि त्याचे गाणे यांची फारकत करावी की करू नये, हा वाद आपल्याकडे नवा नाही. मैफल संपते, पानाचे तबक फिरू लागते, आणि कोणीतरी गवयाच्या स्वभावाविषयी काहीबाही सांगू लागतो. लगेच दुसरा त्याला अडवतो, "अहो, आपल्याला त्याच्याशी सोयरीक का जुळवायची आहे? सूर पाहा, सूर!" हे उत्तर सोयीचे आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. तापट, व्यसनी, पैशाला चिकट अशा कितीतरी कलावंतांना आपण याच न्यायाने पदरात घेतले आहे. कारण त्यांच्या तापटपणाचा त्यांच्या यमनाशी तसा काही संबंध नसतो. पण एखादे प्रकरण असे निघते की तिथे हे नेहमीचे उत्तर तोकडे पडते. इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन याच्याविषयी त्याच्या चाहत्यांत 1976 पासून जो वाद चालू आहे, तो या जातीचा आहे.

दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी हा परदेशी पाहुणा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आज कितीतरी मराठी घरांत तंबोऱ्याशेजारी गिटारही टेकून ठेवलेली असते, आणि ती शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी क्लॅप्टनचे नाव कधी ना कधी येतेच. आपला चार वर्षांचा मुलगा 1991 मध्ये न्यूयॉर्कला उंच इमारतीच्या खिडकीतून पडून गेल्यावर त्याने केलेले 'टीअर्स इन हेवन' हे गाणे तर इंग्रजी संगीताशी फारसा परिचय नसलेल्यांच्याही कानांवरून गेले आहे. ज्याने असे गाणे केले, त्याच्याविषयी मन मऊ होते. म्हणूनच हा वाद अवघड आहे.

क्लॅप्टनचा जन्म 1945 चा, सरे परगण्यातील रिप्ले या गावचा. बाप कॅनडाचा सैनिक, तो पुन्हा तोंड दाखवायला आला नाही. आई अगदी कोवळ्या वयाची. मुलाला वाढवले आजीआजोबांनी, आणि कितीतरी वर्षे तो आजीलाच आई आणि आईला बहीण समजत होता. खरे कळले तेव्हा या मुलाला आपल्याच घरात उपरे वाटू लागले. अशा मुलाच्या हाती गिटार आली आणि कानांवर अमेरिकेतील काळ्या लोकांचे ब्लूज पडले. त्या गाण्याने त्याला जवळ केले.

हे ब्लूज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या, एके काळच्या गुलामांच्या मुलानातवंडांनी घडवलेले हे गाणे आहे. रचना अगदी साधी. बहुधा एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीने तिला जबाब द्यायचा. हे सारे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांत बसवायचे. यातला गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. तो या दोहोंच्या मधल्या अंधाऱ्या जागेत राहतो. गिटारवर तो काढायचा तर तार बोटाने बाजूला ओढावी लागते, आपला सतारिया मींड काढताना ओढतो तशी. जात्यावर बसलेली बाई ओवीतून आपले दुःख जात्याला सांगते. तसेच या गाणाऱ्याचे दुःख ऐकायला पुष्कळदा त्याच्या गिटारीखेरीज कोणी नसे.

या परंपरेतला रॉबर्ट जॉन्सन हा क्लॅप्टनचे दैवत. 1911 साली जन्मलेला हा मिसिसिपीचा गायक 1938 मध्ये वारला, आणि मागे ठेवून गेला ती 1936 आणि 1937 साली ध्वनिमुद्रित केलेली अवघी 29 गाणी. क्लॅप्टनने जॉन्सनची गाणी तरुणपणी गायिली आणि 2004 मध्ये, वयाची साठी जवळ आली असताना, त्याच्याच गाण्यांची एक सबंध ध्वनिमुद्रिका काढली. 1970 मध्ये हाउलिन वुल्फ हा वृद्ध ब्लूज गायक लंडनला आला असता ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच्या साथीला हाच क्लॅप्टन बसला होता. एका गाण्याची चाल नेमकी कशी धरायची हे तो म्हातारा या इंग्रज पोरांना समजावून सांगतो आहे, ते बोलणेसुद्धा त्या ध्वनिमुद्रिकेत राहिले आहे. आपल्याकडे शिष्याला समोर बसवून तालीम देतात, त्याचीच आठवण व्हावी असा तो प्रकार आहे.

त्याने घेतले तसे फेडलेही, हे सांगितले पाहिजे. 'क्रीम' या त्याच्या त्रिकुटाने 1966 मध्ये स्किप जेम्स या जुन्या गायकाचे गाणे घेतले, तेव्हा रचनाकार म्हणून त्याचे नाव दिले, आणि त्या गाण्याचे मानधन त्या आजारी म्हाताऱ्याच्या उपयोगी पडले. 1974 मध्ये क्लॅप्टनने जमैकाच्या बॉब मार्लेचे 'आय शॉट द शेरिफ' गायिले. ते अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि मार्लेचे नाव पूर्वी जिथे पोचले नव्हते तिथे पोचले. हेरॉइनच्या विळख्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या क्लॅप्टनलाही त्या गाण्याने पुन्हा उभे केले.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 5 ऑगस्ट 1976 रोजी, बर्मिंगहॅमच्या ओडियन नाट्यगृहात तो रंगमंचावरून भलतेच बोलला. श्रोत्यांत कोणी परदेशी असतील तर हात वर करा, असे त्याने म्हटले, आणि मग त्यांनी देश सोडून जावे, इंग्लंड काळ्यांची वसाहत होऊ देऊ नये, इनॉक पॉवेलला पाठिंबा द्यावा, असा उपदेश केला. मध्ये गलिच्छ शिव्याही होत्या. त्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण नाही. जे आहे ते हजर असलेल्यांच्या आठवणींतून. पण आपण असे बोललो हे क्लॅप्टनने पुढे नाकारलेले नाही.

पॉवेल कोण, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. ग्रीक भाषेचा पंडित, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात राहिलेला, उर्दू शिकलेला असा हा मुत्सद्दी. याच बर्मिंगहॅममध्ये 20 एप्रिल 1968 रोजी त्याने परदेशातून येणाऱ्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध असे जहरी भाषण केले की त्याच्याच पक्षाचे पुढारी एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या पुढाऱ्यांच्या मंडळातून काढून टाकले. 1976 चा तो उन्हाळा वाईट होता. जूनमध्ये लंडनच्या साउथॉल भागात एका शीख तरुणाचा भोसकून खून झाला होता. क्लॅप्टनच्या शब्दांनंतर पंधराच दिवसांनी जयाबेन देसाई या गुजराती बाईने लंडनच्या ग्रनविक कारखान्यातून बाहेर पडून संप उभारला. 'परत जा' हे शब्द अशा माणसांवर पडत होते. ते हवेत विरून जाणारे शब्द नव्हते.

आता चाहत्यांचे म्हणणे ऐकू. पहिला पक्ष म्हणतो, तो दारूच्या अंमलाखाली होता. होता, यात संशय नाही. त्या वर्षांत तो बहुधा त्याच अंमलाखाली असे. पण दारू माणसाची जीभ सैल करते, तिला नवे विचार शिकवीत नाही. शिवाय उतारा पडल्यावर, पुढे कित्येक वर्षांनी दिलेल्या मुलाखतींतही त्याने पॉवेलची बाजू घेतली. स्वच्छ शब्दांत लाज वाटल्याचे त्याने सांगितले ते 'लाइफ इन ट्वेल्व्ह बार्स' हा 2017 चा चरित्रपट निघाला त्या सुमारास, म्हणजे 40 वर्षांनी. उशिरा का होईना, सांगितले ही गोष्ट मी त्याच्या बाजूला मांडतो.

या पक्षाचे दुसरे म्हणणे, ज्याने जन्मभर काळ्या कलावंतांना गुरू मानले तो वर्णद्वेष्टा कसा असेल? मला हे म्हणणे सर्वांत कच्चे वाटते. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी गोड लागणे आणि शेजाऱ्याला आपल्या ओसरीवर बसू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्याची कला डोक्यावर घ्यायची आणि त्याला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे जगात सर्वत्र घडत आलेले आहे. आपल्या समाजाला तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दुसरा पक्ष म्हणतो, याच्या तबकड्या फेकून द्या. त्यांच्या संतापाविषयी मला आदर आहे. मात्र फेकताना हातात काय येते ते पाहावे. 'क्रॉसरोड्स' फेकले तर त्यात रॉबर्ट जॉन्सन जातो. 'शेरिफ' फेकले तर मार्ले जातो. 'लैला' फेकले तर ड्वेन ऑलमनची सरकती गिटार जाते आणि, गाण्याचे नावच जिथून आले, तो फारसी कवी निजामीही थोडासा जातो. क्लॅप्टनचे म्हणून जे काही आहे त्यातले केवळ त्याचे असे फार थोडे आहे.

आणि इथेच, माझ्या मते, या वादाचे मर्म आहे. गवयाच्या तापटपणाचा त्याच्या यमनाशी संबंध नसतो, असे मी वर म्हटले. क्लॅप्टनच्या बोलण्याचा मात्र त्याच्या संगीताशी थेट संबंध आहे. 'या लोकांनी येऊ नये' असे तो ज्यांच्याविषयी म्हणाला, ते लोक त्याच्या प्रत्येक तानेत आधीच येऊन बसले होते. ते नसते तर त्याच्या हातात तार ओढायला कारणच उरले नसते. म्हणून 'गाणे वेगळे, माणूस वेगळा' हे वाक्य इथे उच्चारता येत नाही. गाणे माणसाविरुद्ध साक्ष देत आहे. उपरेपणाच्या दुःखाने जो या सुरांकडे गेला, त्यानेच भर सभेत इतरांना उपरे म्हणावे, हे त्याच्या चरित्रातले सर्वांत करुण वाक्य मला वाटते.

2020 नंतरचा वाद वरवर निराळा दिसतो. साथीच्या काळात त्याने टाळेबंदीविरुद्ध गाणी गायिली, आणि 2021 मध्ये लसीची सक्ती असेल तिथे आपण कार्यक्रम करणार नाही असे जाहीर केले. लसीविषयीचे कोणाचे मत चुकले म्हणून त्याची 1966 ची गिटार बेसूर होत नाही. तो न्याय मला मान्य आहे. पण व्हॅन मॉरिसनने लिहिलेल्या आणि क्लॅप्टनने गायिलेल्या 'स्टँड अँड डिलिव्हर' या गाण्यात टाळेबंदी सोसणाऱ्या माणसाला गुलामाच्या जागी ठेवले आहे. ज्या संगीताचा जन्म खऱ्याखुऱ्या साखळदंडांच्या आठवणीतून झाला, त्याच्या सुरावटीत ही उपमा घालताना गायकाला काही टोचले नाही, याचे मला नवल वाटते. गाणे म्हणूनही ते फलकासारखे आहे. वाचले की संपले.

मग त्याचे मोल काय ठरवायचे? जॉन मेयॉलच्या बरोबरीने 1966 साली काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्याने लेस पॉल गिटार मार्शलच्या ध्वनिवर्धकात मोठ्या आवाजात सोडून जो भरदार, लांबत जाणारा स्वर काढला, त्याने पुढच्या पिढीची गिटार बदलली. 'क्रीम'ची 1966 ते 1968 ही वर्षे आणि 1970 चे 'लैला' हा त्याचा मध्यान्ह. त्यानंतरचे पुष्कळसे गाणे मला गुळमुळीत वाटते. अपवाद 1992 च्या 'अनप्लग्ड'चा, त्यात वयाबरोबर आलेली शांती आहे. तो नवी वाट पाडणारा वाग्गेयकार कमी आणि थोर भाष्यकार अधिक. मूळ ग्रंथ दुसऱ्यांचे, टीका याची. रॉक अँड रोलच्या मानमंदिरात तीनदा गौरव झालेला तो एकटाच आहे. तो मान मी कमी लेखीत नाही. मात्र भाष्यकाराने मूळ ग्रंथकारालाच गावाबाहेर घालवायला सांगितले, तर भाष्य वाचताना ते आठवणारच, आणि आठवावेच.

त्या वेळच्या इंग्लंडातील तरुणांनी याचे उत्तर फार सुरेख दिले. रेड सॉन्डर्स, रॉजर हडल आणि त्यांचे सोबती यांनी संगीताच्या साप्ताहिकांना एक पत्र लिहिले. तुझे निम्मे संगीत काळ्यांचे आहे याची क्लॅप्टनला आठवण दिली, आणि मार्लेच्या त्या गाण्यावरून शेवटी एक बोचरा चिमटाही काढला. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. त्यांनी तबकड्यांची होळी केली नाही. गोऱ्या आणि काळ्या वादकांना एका मंचावर आणले. 30 एप्रिल 1978 रोजी ट्रफाल्गर चौकातून हजारो लोक चालत लंडनच्या पूर्वेकडील व्हिक्टोरिया पार्कपर्यंत गेले, आणि तिथे 'द क्लॅश'बरोबर 'स्टील पल्स' हे पथकही वाजले. हे 'स्टील पल्स' बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातले, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या घरांतल्या मुलांचे. ज्या शहरात 'निघून जा' म्हटले गेले, त्याच शहरातली ही मुले होती.

म्हणून घरातली मुले विचारतील, 'आम्ही क्लॅप्टन ऐकावा की नाही?', तर माझे सांगणे असे. ऐकावा, पण एकटा ऐकू नये. या सुट्टीत एक संध्याकाळ काढा. आधी रॉबर्ट जॉन्सनचे 1936 चे 'क्रॉस रोड ब्लूज' लावा. ध्वनिमुद्रण जुने आहे, खरखर सोसा. मग 'क्रीम'ने 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भर मैफलीत वाजवलेले 'क्रॉसरोड्स' ऐका, आणि त्या तरुण बोटांची धमक मोकळ्या मनाने वाखाणा. नंतर मार्लेचा मूळ 'शेरिफ' आणि त्यामागोमाग क्लॅप्टनचा. शेवटी स्टील पल्सची 1978 ची 'हँड्सवर्थ रेव्होल्यूशन' ही ध्वनिमुद्रिका लावा. मधल्या वेळात मुलांना त्या ऑगस्टमधल्या रात्रीची हकिकत सांगा, काही न वगळता. कोणाचे कोणाला देणे लागते, हा हिशेब मग त्यांचा तेच करतील.