भाता कुठाय?

बँकेत वीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसानं संगीतावर लिहू नये, हे मला मान्य आहे. मी पडलो बी.कॉम. बेरीज जुळली की नाही, एवढंच मला कळतं. पण समीक्षक मंडळी तरी याहून वेगळं काय करतात? फरक इतकाच की त्यांची बेरीज कुणी तपासत नाही.

माढ्यात ऑर्गनवरचं जाझ ऐकणारा मी एकटाच असावा. दुसरा कुणी असल्यास त्यानं शाखेत येऊन भेटावं, जेवणाची सुटी सोडून. हा नाद मला चिरंजीवांच्या मोबाइलनं लावला आणि सौ.नं त्याला 'ती पिपाणी' असं नाव ठेवलं.

वाद्य आहे हॅमंड ऑर्गन. 1935 साली अमेरिकेत ते बाजारात आलं, ते मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चसाठी. म्हणजे देवळातली पेटीच म्हणा! तिथून कृष्णवर्णीय वादकांनी ते क्लबात नेलं आणि जिमी स्मिथनं 1950च्या दशकात त्यावर असं काही वाजवलं की पुढच्यांना वाटच आखून मिळाली. उजव्या हातानं चाल, डाव्या हातानं आणि पायानं खर्ज, शेजारी एक गिटार आणि एक ड्रम. तिघांत पाच जणांचं काम. आमच्या शाखेत हेच पाच जणांत तिघांचं होतं.

या घराण्याच्या 2021 सालच्या दोन अल्बमांबद्दल मला बोलायचं आहे. पहिला सिएटलच्या डेल्व्हन लामार त्रिकुटाचा, 'आय टोल्ड यू सो'. ठेका असा की खुर्चीत बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलावा. एक स्वर वाया नाही. 'कॉल युअर मॉम' नावाचं गाणं ऐकून मी खरोखरच गावाकडे आईला फोन लावला. तिला वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं. पण दहा वेळा ऐकल्यावर मनात खुट्ट झालं. सगळं वेळेवर येतं, वेळेवर उठतं. जॉर्ज मायकेलचं 'केअरलेस व्हिस्पर' त्यांनी घेतलंय, तेही इस्त्री करून घडी मोडू न देता. हिशेब चोख आहे. पण मागली बाकी पुढे ओढली, नवी जमा फारशी नाही.

हे माझं मत. ते तपासून घ्यायला मी अण्णांकडे गेलो. अण्णा माझे चुलते. माढेश्वरीच्या देवळातल्या भजनात पन्नास वर्षं पेटी वाजवली. आता दम्यामुळं पायऱ्यांवर दोनदा बसावं लागतं. एक गाणं ऐकून ते म्हणाले, "हात ग्वाड हाय पोराचा. पण भाता कुठाय?"

"अण्णा, याला भाता नसतो. विजेवर चालतो. आत एक्क्याण्णव चकत्या फिरतात."

"मग ह्यो श्वास कुठनं घेतो?"

मी हॅमंडच्या उजव्या पायाखालची पट्टी समजावून सांगितली. दाबली की आवाज फुगतो, सोडली की ओसरतो. अण्णा म्हणाले, "म्हंजी भाता हाय. वाजवणाऱ्याला ठावं पायजे."

मग मी दुसरा अल्बम लावला. डॉ. लॉनी स्मिथ यांचा, 'ब्रीद'. म्हणजे 'श्वास घ्या'. ही डॉक्टरकी कुठल्या विद्यापीठाची नव्हे, आणि डोक्याला कायम फेटा असला तरी गृहस्थ शीखही नव्हेत. यातलं बहुतेक वादन 2017 साली, पंचाहत्तरीच्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका क्लबात लोकांसमोर झालेलं. इग्गी पॉपबरोबरची दोन गाणी मात्र स्टुडिओतली. ती मला लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखी वाटली. बाकी ऐकताना कळतं, भाता कशाला म्हणतात ते. म्हातारा कुजबुजतो, थांबतो, समोरच्यांना ताटकळत ठेवतो आणि मग एकदम दार उघडावं तसा आवाज सोडतो. लामारच्या गाण्यात चूक सापडत नाही. इथे चूक शोधायचं सुचत नाही.

'पिल्ग्रिमेज' लागलं. एक बाई गातात, ऑर्गन मागून येतो. इअरफोनचं एक टोक अण्णांच्या कानात, एक माझ्या. मी म्हटलं, "पिल्ग्रिमेज म्हणजे वारी." अण्णांनी हातानंच 'गप' म्हणून सांगितलं. पेटीवाल्याला वारी समजावून सांगणारा मी कोण?

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हायती का हे?"

"नाहीत. अल्बम मार्चमध्ये आला आणि सप्टेंबरात गेले. फुप्फुसाचा आजार होता."

अण्णा जरा वेळ कोपऱ्यातल्या पेटीकडं बघत राहिले. तिच्या भात्याला तीन ठिकाणी ठिगळ आहे.

"लाव परत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला बँकेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला.